नितळ पाण्याचा इतबार

करंजउतारच्या आश्रुबाला विचारल्याशिवाय नदीत पाय घालायचा नाही, असा गावाचा शिरस्ता होता. गाव नदीच्या अलीकडं आणि बोरीला जाणारी सडक पलीकडं. लगीन असो, मयत असो, बाजार असो, माणूस आधी काठावरच्या त्याच्या घरासमोर थांबायचा आणि विचारायचा. मग आश्रुबा पाण्याशी उकिडवा बसायचा, ओंजळभर पाणी उचलायचा, बघायचा, हुंगायचा आणि सांगायचा. गढूळ असलं तर नदी चढतेय. नितळ असलं तर ओसरतेय. एवढंच त्याचं शास्त्र. पण त्याच्या शब्दावर उतरलेलं एकही माणूस कधी वाहून गेलं नव्हतं. ज्या गावानं त्याच्या बापाला विहिरीला शिवू दिलं नाही, ते गाव नदीत शिरताना त्याच्या तोंडाकडं बघायचं, आणि आश्रुबाला याचा भारी अभिमान होता. चांगुणाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या अभिमानाचं कधी कौतुक वाटायचं, कधी चीड यायची. अभिमान तव्यावर टाकून भाजता येत नाही, असं ती म्हणायची.

भाकरी यायची ती वाडीतून. जमीन त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हती. पण दिवाळीनंतर नदी दोन धारांत फुटायची आणि मधे वाळूचं लांबट बेट उघडं पडायचं. त्या बेटावर टरबुजाची वाडी लावायचा हक्क उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, सांभाळणाऱ्या घराचा, हे निजामाच्या काळापासून चालत आलेलं. वाळू कोपरभर उकरायची, खाली ओल लागली की त्यात मळी आणि लेंडीखत कालवायचं, बी टोचायचं आणि वेल सरसावेपर्यंत राखण करायची. वेलाला वरून पाणी घालायचं नाही. त्यानंच मुळी खाली सोडून नदीला प्यायचं.

पूर्वी मळीसाठी कुठं जावं लागत नसे. दर पुरानं बेटावर काळीभोर मळी येऊन पडायची. वरच्या अंगाला धरण झालं तशी मळी धरणातच बसायला लागली आणि बेटावर नुसती पांढरी वाळू उरली. मासेही कमी झाले. मग चांगुणाबाईनं आबासाहेबांचा गोठा झाडायचं काम धरलं. आबासाहेब गावातले मोठे शेतकरी, त्यांच्या दावणीला बक्कळ जनावरं. गोठा झाडायचा आणि त्याबदल्यात खताच्या पाट्या डोक्यावरून बेटावर न्यायच्या. पाटीतून पाझरलेलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. तिची मान त्या साली वाकडी झाली ती झालीच.

पौषात तिची लेक सुला आली. एसटीतून उतरली ती खोकतच.

"किती दिसापासून हाय ह्यो खोकला?" चांगुणाबाईनं विचारलं.

"माझा लय दिसाचा हाय. पर हिला आता लागलाय." सुलानं कडेवरच्या पोरीकडं हनुवटी केली. सत्यशीला, तिची तीन वर्षांची लेक. पोरगी आजीकडं बघून हसली आणि हसता हसता ठसकली.

सुलाचं सासर लांब, दगडी कोळसा जाळून वीज करणाऱ्या पावरहाऊसच्या सावलीला. तिचा नवरा भुजंग तिथं वाघिणीतला कोळसा उतरवायच्या कामावर. सासऱ्याची थोडी जमीन होती, तीही धुराड्याच्या वाऱ्याखाली आली.

"राख कुठंबी बसती, माय," सुला सांगत होती. "भाकरीवर बसती. अंथरुनावर बसती. कडबा झटकल्याबिगर बैलाला घालता येत न्हाई. सासऱ्याच्या बैलाची दातं झिजून गेली त्या कचकचीनं. त्यो मुका, कुनाला सांगनार?"

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईनं सुलाची वाकळ नदीवर नेली. दगडावर आपटली तसं पाणी राखाडी झालं. पिळली, पुन्हा बुडवली, पुन्हा आपटली. पुन्हा राखाडी. हात भरून आले तरी वाकळीतून निघतच होतं. हे सगळं त्या एवढ्याशा छातीत जात असेल, असं मनात आलं आणि ती मटकन दगडावर बसली. तिला रडू फुटलं. रडून झाल्यावर तिनं ठरवून टाकलं की पोरीला परत पाठवायचं नाही. जावयालाच इकडं आणायचं.

शिवरात्रीला भुजंग बायकोला न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला वाडीवर नेलं. वेल हात हात पसरले होते, पिवळी फुलं धरली होती. भुजंग उंचापुरा पण आतून पोखरल्यासारखा माणूस. त्याच्या नखांच्या कडा काळ्या होत्या, त्या आंघोळीनं निघत नव्हत्या.

"पाव्हनं, ह्ये बगा," ती म्हणाली. "बेट लय लांब हाय. आमचं म्हाताऱ्याचं निम्म्यातच बळ सरतं. तुमी आलात तर सगळं बेट लावू. पावसाळ्यात शेतमजुरी हाय. ती राख सोडा आता."

भुजंगनं वाळूत पाय खुपसला. मग म्हणाला, "मामी, तिकडं हप्त्याला रोख मिळतंय. मला बी कुठं हौस हाय? पर आधी एक पीक माझ्या डोळ्यानं बघू द्या. यंदा वाडी पिकली, तर मी मुकादमाला सांगून टाकतो."

"इतबार न्हाई व्हय?"

"तुमच्यावर हाय. नदीवर कसा ठिवावा?"

आश्रुबा वेलाची आळी चाचपत होता, तो मान वर न करता म्हणाला, "नदीचा जिम्मा माझ्याकडं."

सुला आणि पोरगी राहिली. भुजंग चैत्रात रजा काढून येतो म्हणून एकटाच गेला. चांगुणाबाईच्या मनानं घेतलं की आता सगळं या बेटावर आहे. वेल जगले तर लेक राहील, नात राहील. त्या दिवसापासून ती वेलांशी बोलायला लागली. गावातल्या बाया हसायच्या. हसेनात का.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात नदीनं नवा चाळा सुरू केला. धरणाच्या पायथ्याला वीजघर बांधत होते, ते चालू झालं होतं. दिवेलागणीच्या सुमाराला पाणी वाढायचं. पाऊस नाही, ढग नाही, आणि धारा हळूहळू रुंदावायच्या. सकाळी बघावं तर पुन्हा ओसरलेलं. फार नव्हतं, घोट्याचं पिंढरीला यायचं इतकंच. पण ते पाणी गार होतं. चैत्राच्या तोंडाशी नदीचं पाणी कोमट असतं. हे धरणाच्या तळातून आलेलं, हात घातला की हाडाला लागणारं. कडेचे वेल पिवळे पडायला लागले. आश्रुबानं एक वेल उपटून बघितला. मुळ्या काळ्या पडल्या होत्या.

"गारठल्यात," तो म्हणाला.

"चैतात?"

"चैतात."

बाप-लेक-माय तिघांनी मिळून कडेचे वेल उचलले आणि बेटाच्या उंच भागात नेऊन लावले. फूल धरलेला वेल हलवायचा नसतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. निम्मे जगले. मग बेटाभोवती वाळूचा बांध घातला. वाळूचाच तो, संध्याकाळी पाणी आलं की ढासळायचा, सकाळी पुन्हा घालायचा. सुला पाट्या उचलताना खोकायची, पण आधीपेक्षा कमी. पोरीचा खोकला तर पार बसला होता. नागडी उघडी वाळूत लोळायची आणि तिच्या अंगाला नुसती वाळूच लागायची, झटकली की पडून जाणारी. चांगुणाबाई तेवढंच बघून पुन्हा कुदळ उचलायची.

"आपन धरनावर जाऊन इचारू," एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली. "कवा सोडनार ते कळलं तर बरं."

आश्रुबाला ते आवडलं नाही. नदीचं दुसऱ्याला विचारायचं म्हणजे त्याला मरणाची लाज. पण गेला.

पहाटे निघून ते उन्हं तापल्यावर वीजघराच्या फाटकाशी पोचले. शिपायानं लांब बाभळीखाली बसायला सांगितलं. सावली होती ती जनावराला पुरली नसती. दिवसाढवळ्या फाटकावर दिवा जळत होता, आणि आत काहीतरी गरगरत होतं, त्याची धमक जमिनीतून ढुंगणाला लागायची. बसून बसून पाय मेले तेव्हा एक तरुण साहेब बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. पण घाईत होता.

"बाबा, पाणी मी माझ्या मनानं नाही सोडत," तो म्हणाला. "तिकडं शहरात दिवे लागले, गिरण्या लागल्या, की वरून फोन येतो. मग आम्ही यंत्र चालू करतो. फोन कधी येईल ते मला तरी काय माहीत?"

"फोन आला की आमाला बी खबर द्यावी की, साहेब," आश्रुबा म्हणाला.

"भोंगा वाजवतो आम्ही."

"आमच्या गावाला येत न्हाई ऐकू."

"मग काय गावोगाव माणूस पळवू?" साहेबानं घड्याळ बघितलं. "आणि नदीत वाडी लावायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

सगळ्या गावाला नदीतून पार करणारा माणूस, पण त्या प्रश्नापुढं त्याचा जबडा नुसता हलला. चांगुणाबाईला राहवलं नाही.

"आमचा सासरा लावायचा, त्याचा बाप लावायचा," ती म्हणाली.

"ते असेल. पण नदी आता सरकारची आहे, बाई."

शिपाई फिदकन हसला. साहेब हसला नाही, हे त्यातल्या त्यात. तो आत गेला आणि फाटक लागलं.

परत येताना आश्रुबा खांदे पाडून चालत होता. अर्ध्या वाटेवर त्याला एकदम उमज पडली आणि त्याचा चेहरा उजळला.

"समजलं मला," तो म्हणाला. "तिकडं दिवे लागल्यावर हिकडं पानी येतं. म्हंजे दिवसा न्हाई येनार. दिवसा दिवे कोन लावतंय?"

"गिरन्या बी म्हनला की त्यो. आन् फाटकावर तर दिसाचाच दिवा जळायलाय."

"गिरन्या काय रोज नव्या निघत्यात? तू गप. सांच्याला येतं, रातभर ऱ्हातं, सकाळपस्तोर ओसरतं. आपलं सगळं काम दिसाचं हाय. झालं तर मग."

नदी पुन्हा त्याला समजली होती, आणि तो पुन्हा ताठ चालायला लागला. चांगुणाबाईनंही वाद घातला नाही. चाळीस वर्षांत नदीच्या बाबतीत तो चुकला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो बरोबर असावा असं तिलाही वाटत होतं. तिची सगळी आशा त्याच बोलण्यावर तगून होती.

चैत्र सरत आला आणि वाडी धरली. निम्मे वेल गेले, पण उरलेल्यांनी कसर भरून काढली. वाळूवर हिरवीगार, गरगरीत टरबुजं पडली होती, एकेक उचलताना कंबर कळावी अशी. भुजंग रजा काढून आला. त्यानं एक फळ बोटानं टिचकून बघितलं, फोडलं, पोरीच्या हातात फोड दिली. तिच्या हनुवटीवरून लाल रस ओघळला तसा तो हसला. जावई हसतो कसा हे चांगुणाबाईनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

"मामी, पिकली की वो."

"मंग? सांगनार ना मुकादमाला?"

"उद्या बोरीचा बाजार करू. मंग जातो आन् सांगूनच येतो."

तेवढ्या एका वाक्यानं चांगुणाबाईला इतका आनंद झाला की तिला काय करावं कळेना. तिनं पोरीचे गाल पुसले, पुन्हा पुसले, पोरगी कंटाळून पळाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पंडितनं सकाळीच आपली बैलगाडी पलीकडच्या काठावर नेऊन उभी केली. बेटावरून फळं पाटीत भरायची, पलीकडची धार ओलांडायची, गाडीत रचायची. धार पिंढरीभर होती. चौघंही वाहत होते. पाट्या जड, वाळू तापलेली, पायाचे तळवे पोळायचे आणि धारेत शिरलं की गार पाण्यानं एकदम बधिर व्हायचे. दुपार डोक्यावर आली. सत्यशीला बेटावरच्या खोपीत बाजेवर झोपली होती.

पाटी घेऊन धारेशी आल्यावर चांगुणाबाई थबकली. सकाळपासून ज्या दगडावर ती पाय द्यायची, तो दगड पाण्याखाली गेला होता.

"आवो," तिनं मागं हाक दिली, "पानी वाढल्यावानी वाटायलंय."

आश्रुबा आला. पाटी खाली ठेवून उकिडवा बसला. ओंजळ भरली, बघितली, हुंगली. मागं सुला आणि भुजंग पाट्या घेऊन उभेच होते.

"नितळ हाय," आश्रुबा म्हणाला. "रातचंच पानी हाय ह्ये, ओसरायलंय. चढतं असतं तर गढूळ नसतं आलं? चला, ऊन व्हायलंय."

"दगूड बुडलाय."

"दगूड रुतला आसंल वाळूत. नितळ पानी कधी चढत नसतंय, चांगुने. चला."

ती उतरली. चौघंही उतरले. पाणी गुडघ्याच्या वर लागलं, पण आश्रुबा पुढं होता, आणि आश्रुबा पुढं असताना नदीत भ्यायचं कुणाच्या मनातही येत नसे. पलीकडं गाडीशी जाऊन पाट्या रित्या केल्या. पंडित टरबुजाखाली गवत सारत होता, त्यानं सहज नदीकडं बघितलं आणि म्हणाला, "आश्रुबा, बेट कुठं गेलं तुझं?"

सगळ्यांनी वळून बघितलं. बांध नव्हता. कडेचे वेल नव्हते. बेटाचा नुसता कणा उरला होता, त्यावर खोप, आणि अलीकडच्या नि पलीकडच्या धारा एकमेकींकडं सरकत होत्या. ना आवाज, ना फेस. पाणी आरशासारखं. काठापाशी तळातले गोटे स्वच्छ दिसत होते, आणि तरी पाणी चढत होतं.

"सत्या!" सुला किंचाळली.

भुजंग धावला, पण तो कोरड्या मुलखातला, पाणी मांडीला लागताच त्याचा तोल गेला आणि पंडितनं त्याला मागं ओढलं. चांगुणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. आश्रुबा काठावर उभा होता आणि पाण्याकडं बघत होता. कुठं पाय टाकायचा हे त्याला सुचत नव्हतं. "नितळ हाय की," तो पुटपुटत होता. "नितळ हाय की गं ह्ये." तिला त्या क्षणी त्याची दया आली नाही. राग आला. लुगड्याचा काष्टा आवळून ती पाण्यात शिरली.

पाणी कमरेला आलं, मग छातीला. गारठ्यानं श्वास आखडला. पायाखालची वाळू सरकत होती, अख्खं बेटच खालून कुणी उपसत असल्यासारखं. तोंडासमोरून टरबुजं तरंगत निघाली होती. एक वेल तिच्या मानेला अडकला, तो तिनं ओरबाडून काढला. महिनोन् महिने त्याच वेलाशी बोलली होती. ती खोपीशी पोचली तेव्हा बाज पाण्यात बुडायला आली होती. पोरगी उठून बसली होती. रडत नव्हती. दोन्ही हातांनी पाणी थापटत होती.

"आजी, पानी आलं," ती म्हणाली.

चांगुणाबाईनं तिला खांद्यावर घेतलं आणि खोपीच्या मेढीला मिठी मारून उभी राहिली. परत फिरायची ताकद तिच्यात नव्हती. पाणी पोटावरून वर सरकत होतं, पोरगी तिचे केस धरून बसली होती. मेढ हलायला लागली. तेवढ्यात काठावर आश्रुबाला भान आलं. गाडीचं नाडं कमरेला बांधून तो शिरला, मागं पंडितनं आणि भुजंगनं नाडं धरलं. तो आला, त्यानं पोरीला आपल्या मानेवर घेतलं, बायकोचा दंड धरला, आणि काठावरच्यांनी तिघांना ओढून घेतलं.

सुला पोरीला पोटाशी धरून हुंदके देत होती. पोरगी ओठ निळे पडून कुडकुडत होती. भर उन्हाळ्यात, भर दुपारी, कुडकुडत होती. नदीत खोप कलली आणि गेली. खालच्या गावची माणसं पाण्यात शिरून टरबुजं धरत होती, हसत होती, एकमेकांना हाका मारत होती. त्यांना काय माहीत.

संध्याकाळी, ती सगळी पुलावरून वळसा घालून घरी पोचल्यावर, आबासाहेब चौकशीला आले. मनानं चांगला माणूस. दारातच उभे राहून म्हणाले, "लेकरू वाचलं, हे लय झालं. वाडीचं वाईट वाटतं बघ, आश्रुबा. आता काय करावं, ह्याच पाण्यावर माझा ऊस जगलाय. उन्हाळ्यात नदी वाहती, असं कधी झालं होतं का? एकाचं जातं, एकाला मिळतं." मग चांगुणाबाईकडं वळून म्हणाले, "गोठ्याचं काम आहेच तुला. उद्यापासून ये."

ती "व्हय" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पोरीला ताप भरला. त्यातून ती उठली, पण बसलेला खोकला पुन्हा उठला. गाडीत चढली होती तेवढीच टरबुजं भुजंगनं मधल्या दिवसांत बोरीला विकली होती. निघायच्या आदल्या रात्री जेवताना तो खाली मान घालून म्हणाला, "बरं झालं, मुकादमाला अजून सांगितलं नव्हतं."

चांगुणाबाईनं ताट बाजूला सारलं. भुजंग हात धुवायला बाहेर गेला तशी ती लेकीजवळ सरकली.

"सुले, पुढच्या साली उंचावर लावू. त्या करंजापल्याडच्या वाळूत. तिथपस्तोर पानी न्हाई येनार. तू ऱ्हा. पोरीला तरी ठेव."

"न्हाई, माय."

"तिथं राख हाय गं. माझ्या हातानं धुतली मी ती वाकळ."

"हाय की." सुला पोरीला थोपटत होती. तिचा आवाज चढला नाही. "पर ती राख दिसती, माय. धुराडं दिसतं. वारं कुठलं हाय ते कळतं. आपल्याकडं वारं फिरलं की दार लावून घ्यायचं, पदर बांधायचा. इथं काय करावं? इथं माझ्या बाला बी कळलं न्हाई."

आश्रुबा भिंतीशी टेकून बसला होता. त्यानं ऐकलं. चांगुणाबाईला वाटलं तो आता तरी बोलेल, लेकीला दटावेल, नदीचा जिम्मा माझ्याकडं म्हणेल. तो उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. नवऱ्यावर धरलेला सगळा राग तिथंच तिच्या मनातून गळून गेला. उरलं ते फार वाईट होतं, कारण त्यात रागावायला कुणी नव्हतं.

सकाळी लेक-जावई निघाले. नदीत पाणी घोट्याइतकं होतं. ऊन कोवळं, वाळू ओली, पलीकडची सडक दिसत होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. आश्रुबा गाठोडं डोक्यावर घेऊन पुढं झाला. उतारापाशी तो थांबेल, असं सगळ्यांना वाटलं. तो थांबला नाही. पाण्याकडं त्यानं बघितलंही नाही. काठाकाठानं तो खालच्या अंगाला वळला.

"मामा, हिकडून?" भुजंगनं विचारलं.

"पुलावरनं जाऊ."

पूल फार लांब होता. करंजउतारचं माणूस नदीला पूर असला तरच त्या वाटेनं जायचं. घोटाभर पाण्याच्या नदीच्या कडेनं पाच माणसं तापत्या उन्हातून चालत राहिली. शेतातली माणसं कामं थांबवून बघत होती. आश्रुबा मान खाली घालून चालला होता, चाळीस वर्षं ज्यानं गाव पार केलं तो. चांगुणाबाई मुद्दाम त्याच्या बाजूनं, शेतांच्या अंगानं चालायला लागली, म्हणजे लोकांना तो पुरता दिसू नये.

पुलापलीकडच्या फाट्यावर एसटी आली ती घाईतच. भुजंगनं गाठोडं आत लोटलं. चांगुणाबाईच्या मनात पुष्कळ होतं. पण पोरगी खोकली, कंडक्टर ओरडला, आणि तिच्या तोंडून दुसरंच आलं.

"खिडकीपाशी बस, सुले. वारा लागंल लेकराला." ती बसच्या कडेनं दोन पावलं चालली. "आन् तुमचं गाव जवळ आलं की काच वढून घे."

सुलानं मान हलवली. एसटी धूळ उडवत गेली. धूळ खाली बसेपर्यंत दोघं नवरा-बायको फाट्यावर उभी राहिली, मग पुलाकडं वळली. गोठ्याचं काम राहिलं होतं आणि वाट लांबची होती.